आजीची हद्द, सासूबाईंची हद्द

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आईवडिलांबरोबर हिमाचलला जाऊन आली. परत आल्यावर संध्याकाळचं जेवण दिवेलागणीच्या आत आटोपून आम्ही दोघी झोपाळ्यावर बसलो, तर तिची गोष्ट संपेचना. ‘आजी, सोलन म्हणे पूर्वी बघाट नावाच्या राज्याची राजधानी होती. एवढंसं गाव आणि त्याला राजा! अशी कितीतरी राज्यं होती तिथे.’ तीसेक लहानमोठी डोंगरी संस्थानं एकत्र करून 15 एप्रिल 1948 ला हिमाचल झाला, हे तिला तिथल्या गाईडने सांगितलं होतं. पलीकडे नेपाळातही पूर्वी बाईसी आणि चौबीसी, म्हणजे बावीस आणि चोवीस राज्यं होती. ती गोरखा राजांनी तलवारीने जोडली, असं मी तिला सांगितलं. ‘आपल्याकडे नव्हतं ना असं?’ तिने विचारलं.

मला हसू आलं. म्हटलं, अगं, माझ्या आजीचा राजा तर अर्ध्या गावाचा होता!

माझी आजी कुरुंदवाडकडची. पंचगंगेच्या काठचं हे पटवर्धनांचं संस्थान. 1854 मध्ये भाऊबंदांत वाटणी झाली आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. शेजारच्या मिरजेचंही तेच. नदीपलीकडे शिरोळ, ते कोल्हापूरकरांचं. सांगली त्यातल्या त्यात मोठी, पण तीही तुकड्यातुकड्यांची. मंगळवेढं सांगलीचं, तेरदाळ सांगलीचं, पार धारवाडकडचं शिरहट्टी सांगलीचं. बेळगावला लागून असलेलं शहापूर, ज्याची लुगडी आपल्या आज्या लग्नात नेसल्या, तेही सांगलीचंच. गोधडीला ठिगळं असतात ना, तसा नकाशा.

आजी सांगायची, तिची वरात नदी उतरून गेली तेव्हा नाकेदाराने रुखवताची ट्रंक उघडायला लावली. कोऱ्या लुगड्यांवर जकात मागितली. आजोबांच्या वडिलांनी हुज्जत घातली आणि शेवटी चार आणे देऊन सुटका करून घेतली. ‘दोन कोसांवर परमुलूख,’ आजी म्हणायची. पण राजाबद्दल वाईट बोललेलं तिला खपायचं नाही. राजा तिने डोळ्यांनी पाहिला होता, तिच्या वडिलांना तो नावाने ओळखत होता. आजच्या कुठल्या मंत्र्याला आपलं नाव ठाऊक आहे? पण याच आजीला सही करता येत नव्हती. गावात शाळा होती, भाऊ जात होते. मुलीला पाठवायलाच हवं असं कुणाला वाटलं नाही, आणि तसं सांगणारा कायदाही तिच्या गावात नव्हता.

लग्न करून मी बडोद्याला आले. सुभानपुऱ्यात तेव्हा घरं विरळ होती. माझ्या सासूबाईंचा जन्म नवसारीचा. त्यांचे वडील वहिवाटदार कचेरीत कारकून, म्हणजे गायकवाड सरकारचे नोकर. हे राज्यसुद्धा सलग नव्हतंच. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे विखुरलेले प्रांत, मध्ये इंग्रजांचा किंवा दुसऱ्या कुणाचा मुलूख. पण सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात तो कायदा लागू केला. मुलींनाही. सासूबाई सात वर्षांच्या झाल्या तेव्हा आजेसासऱ्यांच्या मनात त्यांना घरीच ठेवायचं होतं, पण मास्तर दारात आले, दंड होईल म्हणाले. सरकारी नोकर माणूस, घाबरला. अशा त्या शिकल्या.

आमच्या महिला मंडळात सयाजीरावांचा विषय निघाला की सगळ्यांचे हात जुळतात. माझेही जुळतात. पण सासूबाईंच्या थोरल्या बहिणीची गोष्ट मला विसरता येत नाही. बालविवाहाला बंदी करणारा कायदा बडोद्यात 1904 सालीच झाला होता. तरी ती अकराव्या वर्षी बोहल्यावर चढली. वडिलांनी दंड भरला! शाळेच्या दंडाला भ्यायले तेच वडील. लग्नाचा दंड त्यांनी हुंड्याच्या खर्चात धरला असावा.

आणखी एक सांगते, काही भगिनींना रुचणार नाही. 1933 मध्ये बडोदा सरकारने अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेला बंदी करणारा कायदा केला. श्वेतांबर समाजात त्यावरून केवढं वादळ उठलं! धर्मात राजाने हात का घालावा, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, आजही आहेत. मी दीक्षेपुढे मान तुकवते. पण आठ-नऊ वर्षांच्या लेकराला काय सोडतो आहोत हे कळत असेल, असं मला आई म्हणून वाटत नाही. सासूबाई एवढंच म्हणत, ‘अहमदाबाद इंग्रजांचं. तिथे कुठे होता हा कायदा?’ एका बाजूचं मूल कायद्याने राखलेलं आणि हद्दीपलीकडचं नाही.

सगळं एका माणसाच्या मर्जीवर होतं. मर्जी चांगली असली तर शाळा. नसली तर कुणाकडे दाद मागणार?

8 मार्च 1948 ला दक्षिणेकडची ही छोटी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर 1 मार्च 1949 ला आणि बडोदा त्याच वर्षी 1 मे रोजी. आजीला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. नाका उठला, एवढंच आठवत होतं. सासूबाई मात्र त्या दिवशी रडल्या होत्या.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आईच्या पायाचं हाड मोडलेलं, म्हणून आजीच सुभानपुऱ्याला आली. गावाकडून पत्र आलं की सासूबाई तिला वाचून दाखवायच्या, उत्तरही त्याच लिहायच्या. एकदा आजी म्हणाली, ‘विहीणबाई, खाली माझं नाव मी लिहिते, दाखवा कसं ते.’ मग रोज दुपारी दोघी पाटी घेऊन बसू लागल्या. आजीचा हात थरथरायचा, पाटीवर रेघ वाकडी जायची, सासूबाई तिचं मनगट धरायच्या. पहिली दोन अक्षरं आली, तिसरं जोडाक्षर. तिथे गाडी अडली.

‘राहू दे,’ आजी म्हणाली, ‘दोनात ओळखतील घरचे.’

त्या पत्राखाली दोनच अक्षरं गेली.