कर्ता नसलेली वाक्ये

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अहवाललेखनाचे एक प्रकरण असते. अहवाल वस्तुनिष्ठ असावा, त्यात 'मी' येऊ नये, भाषा तटस्थ असावी, असे त्यात सांगितलेले असते. विद्यार्थी ते मुकाट्याने उतरवून घेतात. हे प्रकरण शिकवताना मी मात्र दरवेळी थोडा अडखळतो. कारण मराठीत एम. ए. करण्यापूर्वी, वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, २००४ ते २००६ अशी दोन वर्षे मी अशा लेखनावरच पोट भरले आहे.

मी पुण्यातील एका व्यवसाय-सल्लागार संस्थेत होतो. रुजू झालो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. सोडले तेव्हा संख्या चाळिसाच्या घरात गेली होती. या वाढीचे कारण साधे होते. वाहने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांकडे 'आयएसओ ९००१'चे प्रमाणपत्र मागत होत्या. २००० साली सुधारलेल्या त्या मानकानुसार सहा कार्यपद्धती लेखी असणे सक्तीचे होते. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसांनिशी काम करणाऱ्या मालकाला हे लिहायला ना सवड होती ना सवय. ते लिहून देणे हा आमचा व्यवसाय.

बावीस वर्षांच्या मुलाने तीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला सल्ला द्यायचा, यातील विसंगती सर्वांनाच कळत होती. प्रत्यक्षात मी सल्ला देत नसे. टर्नरला विचारून त्याचे काम त्यालाच लिहून देत असे. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून यंत्राशेजारी टांगला जाई. एकदा टर्नरने सांगितले तसे मी लिहिले, 'कडेवरून बोट फिरवून बर राहिली नाही ना, ते पाहावे.' वरिष्ठांनी ते खोडून 'दृश्य तपासणी करावी' असे केले. बोटाला कळणारी गोष्ट डोळ्यांवर सोपवली गेली. वाक्य मात्र भारदस्त झाले.

आमच्या पोतडीतले सर्वांत आवडते साधन म्हणजे पाच वेळा 'का?' विचारणे. टोयोटातील ताइइची ओहनो यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात त्याचे उदाहरण दिले आहे. यंत्र थांबले, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला तेल पुरले नाही. असे करत करत शेवटी ते तेलाच्या पंपाला गाळणी नसल्यापाशी पोचतात. या पद्धतीचे सौंदर्य असे की, ती माणसापाशी थांबत नाही.

एका कारखान्यातून गेलेले बुश परत आले. आतला व्यास ठरल्यापेक्षा कमी भरला होता. का? टिप झिजली होती. का बदलली नाही? स्टोअरमध्ये नवी नव्हती. का नव्हती? दुकानदाराने उधारी बंद केली होती. का? त्याचे बिल तीन महिने थकले होते. का थकले? कारण ज्या मोठ्या कंपनीने बुश परत पाठवले, तिच्याकडूनच या कारखान्याचे पैसे तीन महिने आले नव्हते. मी पाचही उत्तरे तक्त्यात भरली.

त्या कंपनीकडे गेलेल्या तक्त्यात एकच कारण उरले : 'टिप वेळेवर बदलली गेली नाही.' त्यापुढे उपाय : 'कामगारास प्रशिक्षण देण्यात आले.' वरिष्ठांनी मला शांतपणे समजावले, की हा कागद ज्याने वाचायचा आहे त्यालाच 'तुम्ही पैसे देत नाही' असे कोणता पुरवठादार लिहून देईल? माणूस वाईट नव्हता. तक्ता पहिल्या फेरीतच मंजूर होणे यावर कारखान्याची पुढची ऑर्डर अवलंबून होती आणि आमच्या संस्थेची वाढही. टर्नरने प्रशिक्षणाच्या नोंदवहीत सही केली आणि वही परत देताना म्हणाला, "साहेब, मला शिकवलं काय, तेवढं लिहा की यात." तो रकाना रिकामाच राहिला.

'बदलली गेली नाही', 'देण्यात आले' : दोन्ही वाक्यांत कर्ता नाही. पैसे थकवणारा नाही, उधारी बंद करणारा नाही, प्रशिक्षण देणाराही नाही. नाम आहे ते फक्त कामगाराचे, आणि तेही चतुर्थीत. कथा वाचताना आपण निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो, काय गाळतो, हे विचारतो. अहवालाला मात्र हे प्रश्न विचारायचे नाहीत, असा जणू संकेतच आहे. मला तर तटस्थ भाषेइतकी पक्षपाती भाषा क्वचितच आढळली आहे.

त्या दोन वर्षांनी मला नेमके विचारायला आणि मोजून बोलायला शिकवले, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या कारखान्यांतील गेज वेळच्या वेळी तपासले जाऊ लागले, स्टोअरला शिस्त आली, हेही खरे. २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी कायदा आला आणि सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर आले. म्हणजे ते पाचवे 'का' कुठेतरी, कोणीतरी, विचारलेच होते. कायद्याच्या त्या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे : खरेदीदार. असे एक वाक्य लिहिले जाण्याआधी किती टर्नरांनी किती नोंदवह्यांत सह्या केल्या असतील, याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.