जागेवर न बसणारं तांबं

धुरातल्या विषावर अमोनिया सोडायचा, हे ऐकलं तेव्हा वाटलं अक्का माझी फिरकी घेतेय. अमोनियाची बाटली नुसती उघडली तरी डोळ्यांतून पाणी येतं. तो मुद्दाम धुरात मिसळायचा? पण हैदराबादच्या आउटर रिंग रोडवरून धावणारे बीएस-सहाचे मोठे ट्रक नेमकं हेच करतात. ड्रायव्हर ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात, ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, मग तांबं घातलेल्या झिओलाइटवर, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांच्या जाळीदार पदार्थावर, तो आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना संपवतात. उरतं ते नायट्रोजन आणि पाणी. १ एप्रिल २०२०ला बीएस-सहा देशभर लागू झालं आणि मोठ्या डिझेल इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची जी मुभा किलोवॉट-तासाला साडेतीन ग्रॅम होती, ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली.

मी नांदेडची. एमएस्सी करून तार्नाक्यात आले. निजामाच्या काळात, १९४४ साली, सुरू झालेली इथली प्रयोगशाळा आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. त्याच भागातल्या एका लॅबमध्ये मला खोली आणि अक्का दोन्ही मिळाल्या. अक्का वरंगळची, पीएचडी संपत आलेली. आमचं बोलणं इथल्या दखनी हिंदीत.

सुरुवातीचं काम अगदी स्वयंपाकघरातलं वाटावं असं. पांढऱ्या झिओलाइटची पूड कॉपर नायट्रेटच्या पाण्यात गरम करत ढवळायची, गाळायची, धुवायची, वाळवायची, भट्टीत ५५० अंशांवर भाजायची. मग दाबून वडी करायची, फोडून चाळायची आणि ते कण क्वार्ट्झच्या नळीत भरायचे. नळीत नायट्रिक ऑक्साइड आणि अमोनिया प्रत्येकी ५०० पीपीएम, शिवाय ऑक्सिजन, वाफ आणि उरलेला नायट्रोजन. तापमान वाढवत न्यायचं आणि पलीकडून काय बाहेर पडतं ते मोजायचं. एवढ्यापर्यंत मला सगळं समजत होतं.

आम्ही वापरतो त्या झिओलाइटचं नाव एसएसझेड-१३. त्याची चौकट चॅबाझाइट या खनिजाची. हे वाचलं आणि मी उडालेच. चॅबाझाइट तर आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सापडतं! सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे स्फटिक काचेमागे मांडून ठेवलेत. मी विचारलं, “अक्का, मग बनवायचं कशाला? खाणीतून आणू या ना.” ती हसली. नैसर्गिक चॅबाझाइटात ॲल्युमिनियम फार, सोबत कॅल्शियम-सोडियमही येतात. गाडीच्या तापलेल्या वाफेत ती चौकट टिकत नाही. एसएसझेड-१३मध्ये सिलिकाचं प्रमाण बरंच जास्त असतं. शिवाय त्याच्या चौकटीतल्या पिंजऱ्यांच्या खिडक्या जेमतेम ०.३८ नॅनोमीटरच्या. आधीच्या काळात गाजलेल्या झेडएसएम-५च्या खिडक्या सुमारे ०.५५ नॅनोमीटरच्या आणि वाफेत ते लवकर खचतं. आम्ही ८०० अंशांवर, वाफेत, सोळा तास ठेवूनही एसएसझेड-१३ बऱ्यापैकी शाबूत निघतं. म्हणजे अरुंदपणा इथे गुण ठरला. अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड लहानच, त्यांची अडचण होत नाही.

माझ्या डोक्याचा भुगा झाला तो तांब्यापायी. पुस्तकातला उत्प्रेरक एका जागी बसतो, क्रिया घडवतो. आमचं तांबं मात्र, भट्टीतून काढल्यावर चौकटीला चिकटलेलं असलं, तरी २०० अंशांच्या आसपास अमोनिया आला की खो मिळालेल्या गड्यासारखं जागा सोडून उठतं. दोन अमोनिया बरोबर घेतलेला तांब्याचा आयन खिडकीतून शेजारच्या पिंजऱ्यात जातो, तिथल्या दुसऱ्याशी जोडी जमवतो, आणि ती जोडीच ऑक्सिजन फोडते. २०१७मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. तांबं विरळ असताना क्रियेचा वेग तांब्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तो याचमुळे: एकट्याने भागत नाही, जोडीदार आवाक्यात हवा. तापमान आणखी वाढलं की अमोनिया सुटतो आणि तांबं पुन्हा चौकटीला चिकटतं. मधल्या टप्प्यात, ३०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, आलेखाला बाक पडतो. मला वाटलं यंत्र बिघडलं. अक्का म्हणाली, हाच तर पुरावा.

मग मी साहजिकच म्हटलं, तांबं भरपूर घालू.

“नक्को, ज्यादा नक्को,” अक्का म्हणाली.

तांबं जास्त झालं तर ते ऑक्साइडचे कण होऊन साचतं, चौकट पोखरतं, आणि वरच्या तापमानात नायट्रिक ऑक्साइडऐवजी अमोनियाच जाळायला लागतं. थोडा नायट्रस ऑक्साइडही तयार होतो, जो हवामानाला कार्बन डायऑक्साइडहून कित्येक पटींनी वाईट. नेमकं किती घालावं याचं उत्तर ॲल्युमिनियम किती आणि कुठे बसलंय यावर अवलंबून. ॲल्युमिनियमची जोडी असेल तिथे तांबं घट्ट बसतं, एकटा ॲल्युमिनियम असेल तिथे हायड्रॉक्साइड घेऊन सैलसर बसतं आणि वाफेला आधी बळी पडतं. दोन्ही प्रकारची पूड दिसते सारखीच.

आता माझ्याकडे गंधकाचं काम आलंय. बीएस-सहाच्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच असतं, बीएस-चारच्या काळात ५० असायचं. तेवढंही तांब्याला चिकटून क्रिया मंदावते आणि ते घालवायला पुन्हा ५०० अंशांच्या वर तापवावं लागतं. सैलसर बसलेल्या तांब्याला गंधक आधी धरतं, असं अक्का म्हणते. मला ते नळीतून बाहेर येणाऱ्या आकड्यांत दिसायला हवंय.