चावीचे घड्याळ

कुणाला टपालतिकिटे जमविण्याचा छंद असतो, तर कुणाला नाणी जमविण्याचा. मला जुनी घड्याळे जमविण्याचा छंद आहे. माझ्याकडे मनगटी घड्याळे आहेत आणि साखळीची, खिशात ठेवायची घड्याळेही आहेत. ती मी नुसती कपाटात ठेवत नाही. रोज एक, अशी आळीपाळीने वापरतो.

घड्याळ खिशातून मनगटावर कसे आले, याची हकिकत मजेदार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुष मंडळी घड्याळ खिशात ठेवत. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुढे पहिले महायुद्ध (१९१४-१८) सुरू झाले. खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढून पाहणे अवघड जाऊ लागले. त्यांनी ते मनगटावर बांधले. युद्धानंतर तीच रीत सगळीकडे रूढ झाली.

माझ्या संग्रहात मला सर्वांत प्रिय आहे ते अब्बांचे 'जनता' घड्याळ. एच.एम.टी. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'कोहिनूर' अशी त्या घड्याळांची नावे होती. परीक्षेतल्या यशाबद्दल किंवा लग्नात हे घड्याळ भेट म्हणून दिले जाई.

या घड्याळात बॅटरी नसते. चावी दिली की आतली कमान गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चाके फिरवते. एक छोटे चाक सारखे मागेपुढे हलते व वेग आवरून धरते. 'जनता' घड्याळ तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा टिकटिकते! चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांशी कृत्रिम माणकांचे बारीक खडे बसवलेले असतात. मी रोज सकाळी चावी देतो. वजू करताना मात्र ते आधी काढून ठेवतो, कारण पाणी म्हणजे जुन्या घड्याळाचा शत्रू.

१९६९ साली जपानमध्ये बॅटरीवर चालणारे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले. ते अधिक अचूक वेळ दाखवी. हळूहळू चावीची घड्याळे मागे पडली. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला.

अब्बांचे घड्याळ एकदा बंद पडले. एका दुकानदाराने सांगितले, "साहेब, तबकडी फार जुनी दिसते. नवी रंगीत बसवून देतो. अगदी नवे दिसेल!" मी नको म्हटले आणि आमच्या मोहल्ल्यातल्या घडीसाज चाचांकडे गेलो. चाचांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडले आणि ते म्हणाले, "कमान तुटली आहे. ती बदलू. पण तबकडी राहू द्या. कमान झिजण्यासाठीच असते. तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहरा. चेहरा बदलला, तर अब्बांचे काय उरेल?"

चाचांजवळ मोडक्या घड्याळांनी भरलेला एक डबा आहे. नवे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून ते एका बंद घड्याळातला भाग काढून दुसरे चालू करतात. त्यांच्या मुलांनी हा धंदा पुढे चालवला नाही. त्यांच्यानंतर हे नाजूक काम कोण करील, ही चिंता मला वाटते. घड्याळे जमविणारे पुष्कळ भेटतील. पण ती चालू ठेवणारे हातच नसले, तर संग्रह काय कामाचा?

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या पेटीत जुने घड्याळ पडले असेल. ते भंगारात देऊ नका. ते कुणाचे होते, कुणी दिले होते, हे दादा-दादींना विचारा. मग ते जवळच्या घडीसाजाकडे घेऊन जा आणि तो कसे काम करतो, ते जरा वेळ थांबून पाहा. कोण जाणे, तुमच्यापैकी एखाद्याला ते काम शिकावेसे वाटेल!