हलक-अल-वादीतली छोटी सिसिली

‘हलक सूख गया’ असं आपण घरात सहज बोलतो. याच शब्दाचं एक गाव ट्युनिशियात आहे. ट्युनिसचं सरोवर अरुंद होऊन जिथे समुद्राला मिळतं, तो घसा म्हणजे हलक-अल-वादी. फ्रेंच त्याला ला गुलेत म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात इथे सिसिलीचे कोळी, गवंडी, शेतमजूर उतरले. गावी जमीन बड्या जमीनदारांची आणि हा किनारा जेमतेम 150 किलोमीटरवर. 1881 मध्ये फ्रेंचांनी देश ताब्यात घेतला, तरी पुढे कित्येक वर्षं इथे फ्रेंचांपेक्षा इटालियनच जास्त होते. त्यांच्या मोहल्ल्याला लोक ‘छोटी सिसिली’ म्हणू लागले. शेजार मुसलमान, यहुदी आणि माल्टाच्या लोकांचा. आजही तिथल्या मुसलमान घरांत स्वयंपाकघराला ‘कुजीना’ आणि पास्त्याला ‘मकरूना’ म्हणतात. हे दोन्ही शब्द इटालियन पाहुण्यांचे.

दर 15 ऑगस्टला हे कोळी त्रापानीच्या मरियमची मूर्ती चर्चमधून समुद्रापर्यंत नेत, होड्यांसाठी दुआ मागत. गर्दीत मुसलमान आणि यहुदी शेजारीही असत. मूर्ती आपल्याकडे नाही, पण हजरत मरियम अलैहिस्सलाम आपल्याही आहेत. कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे. त्या शेजाऱ्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. गरीब असला तरी इटालियन माणूस फ्रेंच राज्यात युरोपियन होता, आणि देश ज्यांचा त्यांनाच राज्यात आवाज नव्हता. 1956 मध्ये ट्युनिशिया स्वतंत्र झाला, 1964 मध्ये परदेशी लोकांच्या शेतजमिनी सरकारने घेतल्या. बहुतेक इटालियन कुटुंबं निघून गेली. तिथेच जन्मलेल्यांना ‘आपल्या देशात परत जा’ म्हणजे नेमकं कुठे, हे कळेना. मिरवणूकही बंद पडली.

त्याच सुमारास उलटी हिजरत सुरू झाली. ट्युनिशियाचे खलाशी सिसिलीतल्या माझारा देल वाल्लो बंदरात मासेमारीच्या बोटींवर कामाला लागले. जुन्या गल्ल्यांत त्यांनी घरं केली, मुलांसाठी ट्युनिशियाच्या अभ्यासक्रमाची अरबी शाळा सुरू झाली. शिक्षक म्हणून मला ही शाळा फार जवळची वाटते. परदेशात माणूस आधी चूल मांडतो आणि लगेच मुलांच्या जबानीची काळजी करतो.

2017 मध्ये हलक-अल-वादीत मरियमची मूर्ती पुन्हा बाहेर आली, चर्चच्या अंगणापुरतीच. म्हातारे सिसिलियन आता थोडेच उरलेत. तिथे जमणाऱ्यांत सहाराच्या दक्षिणेकडून आलेले तरुणही असतात.