मावशीचं नाव कुठल्या यादीत?

नांदेडला वजिराबादमधून 299 रुपयांचा टॉप घेतला. रात्री हॉस्टेलवर टॅग वाचला. कंपनीचं नाव, पत्ता, किंमत, सगळं होतं. कुणी शिवला, ते नव्हतं. मग मोबाइलवर शोधत बसले.

आधी समोर आला राणा प्लाझा. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळचं सावर. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं. इमारत कोसळली, 1100हून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली. पुढं दबाव वाढला, तशा अनेक कंपन्यांनी आपापल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर केल्या.

याद्या बघून बरं वाटलं. मग लातूरची मावशी आठवली.

बारावीला मी तिच्याकडे राहिले. मी नीटचे प्रश्न सोडवायचे, ती शेजारी बसून शर्टांना बटणं लावायची. एक माणूस गठ्ठा टाकून जायचा. शर्टामागे दोन रुपये. रात्री चाळीस शर्ट झाले तर ऐंशी रुपये. सुई-दोरा तिचा, लाइटबिल तिचं. शर्ट पुढं कुठं जातात, तिला माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. मिलला गेट होतं, भोंगा होता, हजेरी होती. मावशीच्या कामाला गेटच नाही, मग यादीत पत्ता कुणाचा येणार? घरी बसून काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांसारखे हक्क मिळावेत, असा आंतरराष्ट्रीय करार 1996 साली झाला. भारतानं तो मंजूर केलेला नाही.

मावशीला फोन केला. म्हटलं, "त्या माणसाचं नाव सांग ना."

"कशाला विचारायलीस माय? काम बंद पडंल की."

माझा शोध तिथंच अडकला. मला उत्तर हवं होतं, तिला उद्याचा गठ्ठा.

तमिळनाडूत दिंडीगुलच्या कापड कामगार बायांची संघटना होती, म्हणून 2022 मध्ये कंपनीला आणि ब्रँडला त्यांच्याशी करार करावा लागला. मावशीच्या गल्लीत तर एकीचा दर दुसरीला माहीत नाही.

टॉप परत केला नाही. त्यानं तिचे दोन रुपये तीन होणार नव्हते. दिवाळीला लातूरला जाईन, तेव्हा तिच्यासोबत बटणं लावायला बसेन. आणि शेजारच्या बायांना एवढंच विचारेन, "तुम्हाला किती देतो?"