सरासरी आणि बेरीज

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट दर वर्षी मेलवर येतो. मी उघडतो, ठळक अक्षरात काही आहे का बघतो, 'बॉर्डरलाइन' एवढंच दिसलं की स्वतःला पास करून विंडो बंद करतो. सलग सहा वर्षं हेच. एलडीएल कधी १२८, कधी १३९. चाळिशीला अजून पाच वर्षं आहेत, मग काळजी कसली?

मागच्या महिन्यात एका रिकाम्या शनिवारी हे सहाही आकडे एका स्प्रेडशीटमध्ये टाकले. कारण बाबा. त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. सिगरेट नाही, तंबाखू नाही, डायबेटिस नाही. "एवढं सांभाळून सुद्धा?" असं आई अजूनही म्हणते.

आता थोडं तांत्रिक. एचबीए१सी ही टेस्ट सगळ्यांना माहीत असते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे आदल्या दिवशी श्रीखंड सोडून उपयोग नसतो, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी बाहेर येतेच. एलडीएलचं तसं नाही. तो त्या दिवसाचा फोटो. पण धमनीच्या अस्तरात एलडीएलचे कण रोज थोडे थोडे शिरतात, काही तिथेच अडकतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, आणि वर्षानुवर्षं प्लाक साचत जातो. धमनी सरासरी काढत नाही, बेरीज करते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक. पहिल्या दिवशी सगळ्या टेस्ट पास. सर्व्हर पडतो तो काही महिन्यांनी, मध्यरात्री.

आणि हे म्हातारपणी सुरू होतं असंही नाही. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. उलट बाजूने २००६ सालचा अभ्यास बघा. काही कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये पीसीएसके९ या जनुकात जन्मजात बिघाड होता, त्यामुळे एलडीएल २८ टक्के कमी. त्यांच्यात हृदयविकार किती कमी? ८८ टक्के! उतारवयात गोळ्यांनी तेवढंच एलडीएल उतरवलं तर फायदा होतो, पण इतका नाही. हा बिघाड मात्र जन्मापासून काम करत होता.

स्प्रेडशीट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते हसले, पण आकडे नीट वाचले आणि आणखी एक टेस्ट लिहून दिली: लायपोप्रोटीन-ए. ही बहुतांशी आनुवंशिक, आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते. ५० च्या वर गेली की जोखीम वाढलेली धरतात. माझी ८६ आली. मग बाबांची केली. ९२.

बाबा रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मीच दिलं की रे तुला हे."

काय बोलणार? म्हटलं, "बाबा, गणितपण तुम्हीच दिलंत. म्हणून तर बेरीज करता आली."

डॉक्टरांनी माझं एलडीएल खाली आणायचं ठरवलंय. लायपोप्रोटीन-ए पथ्याने फारशी हलत नाही, म्हणून जे हलतं ते हलवायचं. गोळी सुरू झालीय.

राहिली धाकटी बहीण. वय २९. फोनवर म्हणाली, "दादा, मी रोज पाच किलोमीटर पळते, मला काय होणार?" म्हटलं, बाबापण रोज पर्वती चढायचे. पलीकडे शांतता.

आज सकाळी ती लॅबमध्ये जाऊन आली. रिपोर्ट सोमवारी. स्प्रेडशीटमध्ये तिच्या नावाची एक नवी शीट उघडून ठेवलीय, रिकामी.