पनवेलचा पास, युरोपचा पास

पनवेल हे हार्बर मार्गाचे टोक आणि कोकणच्या वाटेवरील जंक्शन. येथील नोकरदारांना पासचा हिशेब पाठ असतो. द्वितीय वर्गाच्या मासिक पासचे मूल्य साधारणतः 15 एकेरी प्रवासांच्या भाड्याइतके. म्हणजे रोज जा-ये करणाऱ्याचा पास आठव्या दिवशी वसूल होतो. युरोपला निघालेले पनवेलकर कुटुंबही त्यामुळे प्रथम ‘युरेल’ पासचाच विचार करते.

तेथील गणित मात्र निराळे आहे. हा पास 33 देशांत चालतो. 60 वर्षांवरील प्रवाशांना त्यात सवलत आहे. परंतु फ्रान्समधील टीजीव्ही किंवा युरोस्टार या गाड्यांत आरक्षणाचे शुल्क वेगळे भरावे लागते. मुक्काम दोन-तीन शहरांतच असेल आणि तारखा निश्चित असतील, तर आगाऊ काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. मात्र बेत बदलल्यास अशा तिकिटांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. जर्मनी, स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. वृद्ध आई-वडील सोबत असताना, ते थकल्यास पुढची गाडी पकडण्याची मोकळीक तेथे पासमुळे लाभते.

म्हणून प्रथम मुक्काम ठरवावेत, प्रत्येक टप्प्याचे भाडे आरक्षणासह मांडावे आणि त्या बेरजेशी पासची किंमत ताडून पाहावी. उरलेला फरक हे त्या मोकळिकीचे मूल्य. ते मोजायचे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे.